दंडाची बैठक आणि सोबतीची बैठक



सेवानिवृत्तीनंतर आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी एखादा इतिहासपर लेख देण्याचा परिपाठ मी ठेविला आहे. आजवर कुलदैवते, आडनावांची उत्पत्ती, पूर्वजांची स्थलांतरे अशा विषयांवर यथामति लिहिले. यंदाचा विषय मंगल नाही. ज्या अंकात उपवर मुलामुलींची यादी छापावयाची, त्याच अंकात दारूचा विषय यावा हे काही वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. परंतु ज्या वस्तूने आपल्या कित्येक घरांतील कर्ते पुरुष अकाली नेले, तिच्याविषयी आपल्याच अंकात लिहावयाचे नाही, तर मग लिहावयाचे तरी कोठे?

दारूचे दुष्परिणाम सांगण्याचा माझा हेतू नाही. ते सर्वांस ठाऊक आहेत, पिणाऱ्यास तर सर्वांत अधिक. दारू सुटावी म्हणून माणसांनी आजवर एकत्र बसून काय काय उपाय केले, त्यांपैकी कोणते फसले आणि कोणता पुष्कळांना तारून गेला, याचा आढावा घेण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

कन्हानकाठची पार्श्वभूमी

आरंभ आपल्या गावापासून करू. कन्हान नदी सातपुड्यात छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, कामठीनजीक पेंच आणि कोलार या नद्यांना पोटात घेते व पुढे वैनगंगेस मिळते. या नदीच्या काठी इंग्रजांनी १८२१ साली कामठीची छावणी वसविली. १८८० च्या सुमारास नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे इकडून निघाली. विसाव्या शतकाच्या आरंभी रामटेक-मनसरच्या बाजूस मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या, आणि कालांतराने कन्हान-कामठीच्या भूमीखालचा कोळसाही वर येऊ लागला. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली नागपूर हे मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी निघाली, आणि शेतीवर राबणारे आपले कित्येक बांधव पाळीवर जाणारे कामगार झाले. जेथे फौज, खाण आणि रोख पगार एकत्र येतात, तेथे दारूचा गुत्ता फार दूर नसतो.

इंग्रजांच्या पूर्वी या मुलखात दारू नव्हती, असे समजण्याचे कारण नाही. मोहफुलांची दारू सणावारास, लग्नकार्यास घरोघर गाळली जात असे. इंग्रजी अमलाने दोन गोष्टी केल्या. घरची दारू गुन्हा ठरविली, आणि ती विकण्याचा हक्क लिलावात काढून सरकारी महसुलाची बाब बनविली. ज्याने मोठी बोली लावून ठेका घेतला, त्यास ती रक्कम गिऱ्हाइकांकडूनच वसूल करावयाची असे. पूर्वी ऋतुमानाप्रमाणे व प्रसंगपरत्वे प्यायली जाणारी वस्तू अशा रीतीने रोख पैशाने नित्य विकत घ्यावयाची वस्तू झाली.

दुकानावरचे लढे

या धोरणाविरुद्ध महाराष्ट्रात प्रथमपासून आवाज उठत राहिला. महात्मा जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली अध्यक्ष प्लंकेट यांस पत्र लिहून शहरातील वाढत्या दारूदुकानांबद्दल हरकत घेतली. १९०८ साली पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने दारूच्या दुकानांपुढे पिकेटिंग झाले. १९२१ च्या असहकाराच्या लाटेत आपल्या नागपुरातही तेच झाले. १९३८ साली मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस सरकारने दारूबंदीचा कायदा केला. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या ४७ व्या कलमात मद्यनिषेधाचे तत्त्व आले. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. विदर्भ १९५६ साली त्या राज्यात सामील झाल्यावर तो पुढे आपल्याकडेही लागू झाला. नंतर धोरण सैल होत गेले आणि १९७३ च्या नियमांनी देशी दारूची परवानाधारक दुकाने राज्यभर रुळली.

यानंतरचा इतिहास बव्हंशी स्त्रियांनी घडविला. गडचिरोली जिल्ह्यातील लोकचळवळीमुळे १९९३ साली तेथे दारूबंदी झाली. चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. गावातील वा प्रभागातील स्त्रियांनी मतदान करून दुकान बंद पाडावे, अशी तरतूद राज्यात झाली, आणि उभी बाटली की आडवी बाटली अशी ती निवडणूक गावोगाव प्रसिद्धी पावली.

हे सर्व लढे वंदनीय आहेत. परंतु बारकाईने पाहिले असता ध्यानात येते की त्यांचे तोंड दुकानाकडे होते. दुकान बंद झाले म्हणजे नवा पिणारा कमी होतो, हे खरे. पण ज्याला व्यसन आधीच जडलेले आहे, ज्याचे हात पहाटे घोटाभर दारूवाचून थरथरतात, त्याने काय करावे? तो दोन कोस दूरच्या दुकानी जाई. त्याचा प्रश्न मागेच राहिला.

संतांची वाट

त्या माणसाकडे प्रथम तोंड वळविले ते आपल्या विदर्भातील संतांनी. श्री गाडगेबाबा यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. त्यांचे वडील झिंगराजी दारूपायी गेले आणि लहानग्या डेबूस आईसह मामाच्या घरी दापुऱ्यास राहावे लागले. पुढे संसारी झाल्यावर मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू व मटण देण्याचे नाकारून त्यांनी पंगतीस गोड जेवण घातले, ही त्यांच्या चरित्रातील कथा सर्वश्रुत आहे. जातिबांधवांच्या रोषाची पर्वा न करता त्यांनी ते केले, हे आपल्यासारख्या ज्ञातिमंडळाने विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे. १९५६ साली देह ठेवीपर्यंत त्यांच्या कीर्तनातून दारूचा निषेध सुटला नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) भजन आणि सामुदायिक प्रार्थना यांच्याद्वारे गावास सायंकाळी एकत्र बसविले. ज्या वेळी पाऊल गुत्त्याकडे वळावयाचे, त्या वेळी ते प्रार्थनेकडे वळावे, ही त्यातील व्यवहारदृष्टी मला शिक्षक म्हणून नेहमी मोलाची वाटत आली.

याच परंपरेत नागपूरचे महानत्यागी बाबा जुमदेवजी (१९२१–१९९६) यांचे कार्य येते. त्यांच्या परमात्मा एक सेवक मंडळात दारू सोडणे हा नियमच आहे आणि सेवकांच्या चर्चा-बैठकी भरतात. आपल्या पंचक्रोशीत या मार्गाने दारू सुटलेली घरे ज्याने पाहिली नाहीत, असा मनुष्य विरळा. त्या मार्गाची श्रद्धा सर्वांनाच मानवेल असे नाही. परंतु एकट्याने सोडावयाची नाही, सोडलेल्यांच्या संगतीत राहून सोडावयाची, हे तत्त्व तेथेही आहे.

जातीच्या पंचांचा उपाय

आता आपल्या घरात येऊ. जातीच्या पंचांकडे या रोगावर तीनच औषधे होती : शपथ, दंड आणि वाळीत टाकणे. बैठकीत त्या माणसास मध्यभागी उभे करावयाचे, भोवती चारशे डोळे, त्याच्या बायकोने रडत रडत तक्रार सांगावयाची, पंचांनी कानउघाडणी करावयाची, बेलभंडार उचलून शपथ घ्यावयाची व दंडाची पावती फाडावयाची. मी हे ऐकीव सांगत नाही. ती वही काही काळ माझ्या हाती होती.

१९८८ साली माझा धाकटा भाऊ असाच बैठकीपुढे उभा राहिला. तो खाणीत कामास होता. शिकलेला भाऊ म्हणून वहीत नोंद करण्याचे काम माझ्याकडे आले आणि त्याच्या नावापुढे एकावन्न रुपये दंडाचा आकडा मी माझ्या हाताने लिहिला. त्यात आपण काही चांगले करीत आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. भावाने शपथ पाळली, पण तीन महिनेच. त्यानंतर तो पूर्वीपेक्षा अधिक पिऊ लागला आणि समाजाच्या कार्यक्रमास येणे त्याने कायमचे सोडले. एकदा मी त्यास फार बोललो, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “भाऊ, त्या बैठकीत सारे होते, पण माह्यासारखा एकही नव्हता.” मला ते उद्धटपणाचे वाटले. १९९४ च्या पावसाळ्यात तो यकृताच्या विकाराने गेला. त्या वाक्याचा अर्थ कळावयास मला त्यानंतर पुष्कळ वर्षे लागली.

येथे हेही नमूद केले पाहिजे की जातीच्या नावाने बहिष्कार टाकणे आता कायद्याने गुन्हा आहे. महाराष्ट्राने त्याबद्दल २०१६ साली स्वतंत्र अधिनियम केला व तो २०१७ पासून अमलात आला. म्हणजे पंचांचे तिसरे औषध कायद्यानेच मोडीत काढले. पहिल्या दोहोंची योग्यता अनुभवाने ठरविली आहे.

समदुःखी माणसांचा शोध

माझ्या भावाने ज्याची उणीव बोलून दाखविली, तिचा शोध सातासमुद्रापलीकडे काही पिणाऱ्यांनीच लाविला होता. १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात एका गुत्त्यात बसणाऱ्या सहा जणांनी दारू सोडण्याची प्रतिज्ञा केली आणि वॉशिंग्टनच्या नावाने मंडळी स्थापिली. तेथे धर्मोपदेशक व्याख्यान देत नसत. पूर्वी पिणारा मनुष्य उठून स्वतःची हकीकत सांगे. ही मंडळी झपाट्याने फैलावली. १८४२ साली अब्राहम लिंकन यांनी स्प्रिंगफील्ड येथे या मंडळीपुढे भाषण करून, पिणाऱ्यास शिव्याशाप देण्यापेक्षा मित्रभावाने समजाविणे अधिक फलदायी, असे प्रतिपादन केले. पण पुढे मंडळी राजकारणात व वादंगात गुरफटली आणि काही वर्षांतच विसकटली.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९३५ च्या मे महिन्यात, बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअरबाजारातील गृहस्थ धंद्याच्या कामासाठी ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन शहरी गेला. दारूपायी त्याची धूळधाण झाली होती आणि ती सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. काम फसले. परक्या गावी, हॉटेलात, खिशात फारसे पैसे नाहीत आणि समोर मद्यालयातून हसण्याखिदळण्याचा आवाज येतो आहे, अशा स्थितीत त्यास भय वाटले. त्या क्षणी त्याच्या मनात एक विलक्षण विचार आला : आपल्याला या घटकेस दुसऱ्या एखाद्या मद्यपी माणसाशी बोलले पाहिजे. चर्चच्या यादीतील क्रमांकांवर दूरध्वनी करता करता त्याची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी पडली. हे डॉक्टर स्वतः दारूने पोखरलेले होते. पंधरा मिनिटांपेक्षा अधिक थांबणार नाही, असे बजावून ते आले आणि काही तास बसले. कारण त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. आपल्यासारखाच असलेला मनुष्य प्रथमच भेटत होता. १० जून १९३५ रोजी डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला. तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे नाव गुप्त राखणाऱ्या मद्यपींचा बंधुसंघ, याचा स्थापनादिन मानला जातो.

या कथेतील मर्म असे की विल्सन डॉक्टरांस वाचविण्यासाठी गेला नव्हता, स्वतः वाचण्यासाठी गेला होता. सांगणाऱ्याची गरज ऐकणाऱ्याइतकीच होती. पंच आणि अपराधी अशी विभागणी तेथे मुळातच संभवत नव्हती.

१९३९ साली या संघाचा ग्रंथ निघाला व त्यात बारा पायऱ्यांचा क्रम मांडला गेला. दारूपुढे आपण हतबल झालो आहो हे कबूल करणे, आपल्याला समजेल त्या रूपातील ईश्वरी शक्तीवर भार टाकणे, आपल्या दोषांची नोंद घेणे, ज्यांना दुखविले त्यांची भरपाई करणे आणि शेवटी हा निरोप दुसऱ्या पिणाऱ्यापर्यंत पोहोचविणे, असा त्याचा सारांश आहे. १९५० साली संघाने बारा परंपराही स्वीकारल्या : संघाने राजकारणात व बाहेरच्या वादात पडू नये, बाहेरून देणगी घेऊ नये, आणि सभासदाने वृत्तपत्रांत व जाहीर रीत्या आपले नाव उघड करू नये. बाल्टिमोरची मंडळी ज्या खडकावर फुटली, तो खडक यांनी ओळखून टाळला. पिणाऱ्यांच्या कुटुंबीयांसाठी १९५१ साली अल-अ‍ॅनॉन हा स्वतंत्र संघ निघाला. विल्सनची पत्नी लोइस ही त्याच्या संस्थापिकांपैकी होती. सांप्रत हा बंधुसंघ सुमारे १८० देशांत पसरला आहे.

भारतात १९५७ साली मुंबईत त्याची सुरुवात झाली. पुढे महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांत गट निघाले व बैठका मराठीतूनही होऊ लागल्या. नागपुरातही असे गट आहेत. त्याच काळात आणखी एक उपक्रम उभा राहिला. डॉ. अनिता व श्री. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्यास आधार होता. तेथे उपचारानंतर मित्रांच्या पाठपुरावा बैठका होतात आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. बाराव्या पायरीचे तत्त्व मराठी घरांत पोहोचविण्यात मुक्तांगणचा वाटा मोठा आहे.

बैठकीत काय घडते?

माझ्या हाताखाली चौथीत शिकलेला एक विद्यार्थी पुढे खाणीत लागला आणि दारूत बुडाला. काही वर्षांपूर्वी तो भेटला तेव्हा मी त्यास ओळखलेच नाही, इतका तो टवटवीत दिसला. “गुरुजी, एकदा आमच्या बैठकीला या,” असे तो म्हणाला. काही बैठका केवळ पिणाऱ्यांसाठी, म्हणजे बंद असतात व काही इतरांसही खुल्या असतात. अशा एका खुल्या बैठकीस मी त्याच्याबरोबर नागपूरला गेलो.

एका शाळेचा वर्ग होता. त्यामुळे मला परकेपणा वाटला नाही. बाकांवर पंधरावीस मंडळी. त्यांत हमाल होता, कारकून होता, एक वृद्ध डॉक्टर होते आणि कोपऱ्यात एक बाईही होत्या. कोणी आडनाव विचारले नाही, जात विचारली नाही. एकाने थोडके निवेदन वाचले : सभासदत्वास वर्गणी नाही, दारू थांबविण्याची इच्छा एवढीच अट. मग एकेक जण उठे, आपले पहिले नाव सांगे, “मी मद्यपी आहे,” असे म्हणे आणि चारपाच मिनिटे बोले. कोणी मध्ये तोंड घालीत नसे, कोणी सल्ला देत नसे, कोणी चूक काढीत नसे. एक जण दहा वर्षे दारूवाचून राहिला होता, एकाचा तो तिसरा दिवस होता. एक जण पुन्हा पिऊन आठवड्याने परतला होता. तो उभा राहिला तेव्हा मी सवयीने त्याच्या कानउघाडणीची वाट पाहिली. सर्वांनी फक्त “परत आलात, बरे झाले,” एवढेच म्हटले. शेवटी एक पिशवी फिरली, ज्याला जमेल त्याने नाणे-नोट टाकली, त्यातून खोलीचे भाडे व चहा. दीड तासात बैठक संपली.

त्या दीड तासात मला माझ्या भावाचे वाक्य आठवत होते. आमच्या बैठकीत नसलेला मनुष्य या खोलीत होता. एक नव्हे, पंधरावीस होते.

उन्मादाच्या भरात मी याची महती वाढवून सांगत नाही. या वाटेने गेलेला प्रत्येक जण सुटतो, असे तेथील जुनी मंडळीही म्हणत नाहीत. पण शास्त्रीय पडताळा पाहावयाचा तर तोही उपलब्ध आहे. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांची छाननी प्रसिद्ध केली. त्यांत दहा हजारांवर रुग्णांचा समावेश होता. या बंधुसंघाशी रुग्णास पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार, अखंड दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत, इतर मान्य मानसोपचारांपेक्षा सरस ठरले, असा तिचा निष्कर्ष होता.

बैठक शोधावी कशी?

आता व्यवहाराच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट वैद्याची. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो, त्याची दारू घरच्यांनी एकाएकी कोंडून बंद करू नये. दोनतीन दिवसांत त्यास झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी प्राणावर बेतणे असे घडू शकते. म्हणून प्रथम डॉक्टर. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय ही आपणास जवळ आहेत. मनोरुग्णालय या शब्दास बिचकू नये. ताप आला असता दवाखान्यात जातो, तसेच हे जाणे आहे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. तेथे वा रुग्णालयातील समाजसेवकाकडे चौकशी केल्यास जवळचे केंद्र कळते. बंधुसंघाच्या बैठकांचे वार, वेळ व ठिकाण त्यांच्या कार्यालयाकडून समजते, आणि कोणी सभासद पहिल्या दिवशी सोबत यावयास तयार असतो. वार व जागा बदलत असल्याने जुन्या कागदावर विसंबू नये. निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. २०२० च्या टाळेबंदीपासून मोबाईलवरूनही बैठका भरू लागल्या. रात्रपाळी करणाऱ्यास व घराबाहेर पडू न शकणाऱ्या स्त्रीस त्यांचा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट लाजेची. “आपल्याला कोणी पाहिले तर?” या एका शंकेने कित्येक जण दारापासून परत फिरले आहेत. गुत्त्यात जाताना ज्याला सर्व गावाने पाहिले, त्यास बैठकीत जाताना एकाने पाहिले तर काय बिघडले, असे आपण सहज म्हणतो. पण ज्याचे त्यास ठाऊक. ज्याला गावात संकोच वाटतो त्याने सरळ नागपूर गाठावे. कन्हानहून ते अंतर सुमारे वीस किलोमीटरांचे आहे. तेथे त्याचे नाव कोणी बाहेर सांगत नाही.

चौथी गोष्ट धीराची. एका बैठकीने निकाल लावू नये. पहिल्या दिवशी सर्व विचित्र वाटते. माझा विद्यार्थी सांगतो की तो पहिल्या महिन्यात केवळ चहासाठी व वेळ काढण्यासाठी जात असे. तेथे आयुष्यभराची शपथ कोणी घेववीत नाही. फक्त आजचा दिवस प्यावयाचे नाही, उद्याचे उद्या पाहू, एवढाच हिशेब. ज्याने बेलभंडार उचलून जन्माची शपथ मोडली, त्याच्या खांद्यास हे ओझे पेलते. आणि घरच्या मंडळींनी, विशेषतः आपल्या भगिनींनी, नवरा गेला नाही तरी आपण कुटुंबीयांच्या गटात जावे. नवऱ्याची दारू हा आपला अपराध नाही, एवढे ऐकावयास मिळाले तरी पुष्कळ आहे.

मंडळास विनंती

शेवटी आपल्या मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे ठेवितो. एक, दारूबद्दल कोणाही ज्ञातिबांधवास सभेत उभे करण्याची रीत, जेथे कोठे अजून उरली असेल तेथे, बंद व्हावी. दुसरी, वरातीतील व हळदीच्या रात्रीतील दारूचा खर्च आपण खुशाल पाहून घेतो आणि मग त्याच माणसास व्यसनी म्हणतो. गाडगेबाबांनी आपल्या लेकीच्या बारशाला दाखविलेले धैर्य आपण लग्नात दाखवावे. तिसरी, आपले समाजभवन आठवड्यातून सहा दिवस रिकामे असते. अशा एखाद्या बैठकीस जागा हवी असल्यास आपण द्यावी. तिचे भाडे मात्र घ्यावे, कारण ते लोक काही फुकट घेत नाहीत. आणि त्या वेळी आपल्यापैकी कोणीही, पंच असो वा चिटणीस, कोण आले गेले हे पाहावयास दाराशी उभे राहू नये.

ती जुनी वही मी अद्याप जपून ठेविली आहे. दंडाच्या रकमेतून त्या वर्षी समाजभवनासाठी सतरंज्या घेतल्याची नोंदही तीत आहे, व तीही माझ्याच अक्षरात. त्यांपैकी दोन सतरंज्या अजून वापरात आहेत. उद्या त्यांवर बसून एखादा बांधव आपली हकीकत सांगू लागला आणि ऐकणाऱ्यांत त्याच्यासारखे दोघे-चौघे असले, तर माझ्या हातून झालेल्या चुकीचे थोडे तरी क्षालन झाले, असे मी मानीन.

असो. लेखात काही अधिक-उणे झाले असल्यास वाचकांनी क्षमा करावी. आणि ज्या घरात या विषयाची गरज आहे त्या घराने हे पान फाडून घेतले, तरी माझी हरकत नाही.